चोविसावं नाव

भर दुपारी दाराची बेल वाजते. नवरा कामावर, मुलं शाळेत. बाहेरचा माणूस विचारतो, "घरात कोण आहे का?" आणि आतली बाई, चांगली हाडामांसाची, हातात लाटणं घेऊन उभी असलेली बाई, सांगते, "कुणी नाहीये घरात."

हे उत्तर तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मात्र ते आता कुणी देत नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर तावडेबाई राहतात.

आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. कुरिअरवाला आला आणि माझी बायको स्नेहल त्याला म्हणाली, "घरात कुणी नाहीये, संध्याकाळी या." नेमक्या त्याच वेळी बाई जिन्यावरून उतरत होत्या. त्या थांबल्या. कुरिअरवाल्याला हाताने बाजूला सारून दारात आल्या.

"कुणी नाही? मग ही बोलतेय ती कोण? रेडिओ?"

स्नेहल गोंधळली. "नाही, म्हणजे हे नाहीत घरात."

"नाव काय तुझं?"

"मिसेस मेस्त्री."

"ते त्याचं झालं. तुझं सांग."

"स्नेहल."

"मग ह्याला सांग की घरात स्नेहल आहे. मोठ्याने सांग."

स्नेहलने सांगितलं. कुरिअरवाला एवढा घाबरला की सहीसुद्धा न घेता पाकीट टाकून पळाला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा स्नेहल मला म्हणाली, "अहो, आपल्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहे, ती जरा सरकलेली आहे बहुतेक." आणि हे सांगताना ती उगाचच हसत होती.

बाईंचं पूर्ण नाव द्वारका विठोबा तावडे. वय अठ्ठ्याहत्तर. उंची पाच फूट, त्यात अंबाड्याचा वाटा बराच. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात मतदार यादीच्या झेरॉक्सची चळत आणि मास्तर लोक वापरतात ती एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी पेन्सिल. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. नोकरीत असताना दर निवडणुकीला इतर शिक्षक ड्युटी चुकवायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायचे, तेव्हा बाई ड्युटी मागून घ्यायच्या. घरोघर जाऊन नावं लिहायची, आणि मतदानाच्या दिवशी बूथवर पहिल्या टेबलाशी उभं राहून प्रत्येकाचं नाव मोठ्याने पुकारायचं, ही त्यांची आवडती कामं. आता ड्युटी सुटली, पण बाई काही सुटल्या नाहीत. यादी आली की अजूनही त्या दारोदार फिरतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढलं का, अठरा वर्षांची झालेली पोरगी राहिली का, कुणाच्या आडनावाची वाट लागली का, सगळं त्यांना तोंडपाठ असतं.

बाई बसत नाहीत. हे मी शब्दशः सांगतोय. चहा उभ्याने पितात, तोही येरझाऱ्या घालत, त्यामुळे त्या घरी येऊन गेल्या की आमच्या हॉलमध्ये चहाच्या थेंबांची रांग दिसते. लिफ्ट वापरत नाहीत, का तर लिफ्टमध्ये नुसतं उभं राहावं लागतं. फोनवर बोलायला लागल्या की चालत सुटतात. एकदा माझ्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला त्यांनी घरून फोन लावला, आणि बोलणं संपलं तेव्हा त्या भांडुपच्या हद्दीजवळ पोचल्या होत्या. परत यायला रिक्षा करावी लागली.

आणि एक वाक्य सदा तोंडात. "यादी बंद होते हां!" मतदार यादीत नाव घालायची मुदत संपते, ह्यावरून ते आलं असणार, पण आता ते कशालाही लागतं. भाजीवाला पिशवी भरायला वेळ लावतो, "यादी बंद होते हां!" वरच्या कांबळ्यांची मुलगी दोन स्थळांमध्ये अडकली होती, तिला जिन्यात गाठून, "ठरव गं, यादी बंद होते हां!" मुलगी म्हणाली, "बाई, मला दोन्ही नकोयत." बाई म्हणाल्या, "झकास. तेही मतच आहे."

मतदानाच्या दिवशी तर विचारू नका. सकाळी सातला बूथवर पहिला नंबर बाईंचा. साडेसातला परत येऊन त्या एकेका मजल्यावरच्या बायकांना बाहेर काढतात. "भाजी नंतर, मत आधी!" त्या नादात पाटीलवहिनींचं वरण दोनदा करपलं आहे. बोटाच्या शाईचं म्हणाल, तर ती नखावर आलेली असते, आणि ते नख बाई कापत नाहीत. डाग वाढत वाढत टोकाशी येईपर्यंत डाव्या तर्जनीचं नख लांबलचक. पाहणाऱ्याला वाटावं, सरोद वाजवतात.

एका निवडणुकीच्या आदल्या दिवशी स्नेहलने मला विचारलं, "कुणाला द्यायचं हो आपण?" दार उघडं होतं. बाई बाहेरूनच ओरडल्या, "आपण म्हणजे कोण? तू त्याला विचारतेस, तो तुला विचारतो का?" त्या दिवसापासून स्नेहल कुणाला मत देते ते मला माहीत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ती डब्यात काय भरणार हे मला वासावरून कळतं, पण ही एक गोष्ट काही केल्या कळत नाही. विचारलं की म्हणते, "गुप्त असतं." सांगायला लाज वाटते, पण मला ह्याचा त्रास होतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे बाईंचा सगळ्यात जास्त मारा माझ्यावर. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, मत त्याचं. बायकोचं नाव असलंच तर दुसरं. नवरा सभेला नसेल तरच तिला हात वर करता येतो. म्हणजे चोवीस सभासदांत स्वतःच्या हक्काने मत देणारी स्त्री एकच, तावडेबाई. कमिटीवर महिलांसाठी जागा राखीव आहेत, त्यातल्या एका जागेवर गालाभाभी निवडून आल्या आहेत. मीटिंगला गालाशेठ येतात.

सर्वसाधारण सभेत बाई दरवर्षी खुर्च्यांच्या मधून फिरत तेच भाषण करतात. "इंग्रजांच्या राज्यात मुंबई इलाख्यातल्या बायकांना पहिल्यांदा मत मिळालं. मिळालं म्हणजे कुणाला? जिच्या नावावर घरदार होतं तिला. अशा किती असणार? मूठभर. पुढे बायका भांडल्या, मोर्चे काढले, अर्ज केले, तेव्हा कुठे देश स्वतंत्र झाल्यावर सगळ्यांना मिळालं. आणि आपली सोसायटी अजून इंग्रजांच्याच काळात आहे, दिलीप!" सगळे माझ्याकडे बघतात, जणू इलाखा मीच चालवत होतो. मग बाई अर्ज देतात, मी तो फायलीला लावतो, आणि बायका बटाटेवडे घेऊन येतात.

यंदा फेब्रुवारीत आठ मार्चच्या कार्यक्रमाची मीटिंग होती. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला. संगीत खुर्ची, उखाणे, सगळ्यांत शेवटी लकी ड्रॉमध्ये एक कुकर. मी म्हटलं, "तेच ठेवू या ना?"

"कुकर?" बाई दारापासून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "बायकांनी हक्क मिळवले त्याचा दिवस, आणि तुम्ही त्यांना कुकर देता? त्यापेक्षा खाली लॉबीत एक बोर्ड लावा. प्रत्येक घरातली मत द्यायला घराबाहेर पडलेली पहिली बाई कोण? आई, आजी, सासू, पणजी, जी कोण असेल ती. चोवीस घरं, चोवीस नावं. आठ तारखेला मी ती पुकारणार."

कल्पना सगळ्यांना आवडली, मुख्य म्हणजे कुकर वाचला. मी पूर्वी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, अक्षर बरं आहे, तेव्हा बोर्ड रंगवायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी नियम सांगितला. "नाव म्हणजे नाव. अमक्याची आई, तमक्याची बायको, असलं एकही चालणार नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी नावं लिहायला माणसं आली, तर कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. लाजल्या, नाहीतर घरच्यांनी सांगू दिलं नाही. बाबूची आई, नारायणची बायको असंच लिहिलं गेलं, आणि मग ती सगळी नावं यादीतून उडवली. माझ्या बोर्डावर तसं एकही नाव येता कामा नये."

आम्हाला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण बिल्डिंगमध्ये हाहाकार उडाला. आजीचं नाव कुणालाच सांगता येईना! पाटील म्हणाले, "माई." मी म्हटलं, "नाव सांगा." ते म्हणाले, "माईच की. सगळा गाव माई म्हणायचा." गालाशेठनी भुजला चार फोन केले आणि तिथे दोन चुलत्यांत नावावरून भांडण लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या साळव्यांनी "बंडूची आजी" एवढंच दिलं, आणि मी कंटाळून तेच रंगवून टाकलं. बाईंनी मला खाली बोलावून, समोर उभं राहून, टर्पेंटाइनने ते पुसायला लावलं. "पूस. नीट पूस. परत उडवतोस काय तिला?"

फटकन नाव सांगणारे एकच, वरच्या मजल्यावरचे कांबळे. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले, "भागीरथा सखाराम कांबळे. माझी आजी. मतदानाच्या दिवशी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून जायची. आमच्याकडे मत म्हणजे सणच, मेस्त्री. मिळालं कसं ते माहीत आहे ना." मी मान खाली घालून लिहून घेतलं, कारण माझ्या स्वतःच्या आजीचं नाव मला येत नव्हतं.

मी तिला आये म्हणायचो. कणकवलीला काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "सातबारा बघतो." सातबाऱ्यावर सगळे पुरुष. तीन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. माळ्यावर पितळी घागर सापडली होती आणि तिच्या गळ्याखाली कोरलं होतं, "सौ. पार्वती हीस माहेरची भेट." म्हणजे चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं मी जेवलो तिचं नाव मला एका घागरीने सांगितलं. मला स्वतःचाच राग आला. मग इतरांनाही मी भांडी बघायला सांगितलं, आणि खरंच, ताटं, तांबे, परातींवरून सहा नावं मिळाली.

पाच मार्चपर्यंत तेवीस नावं रंगवून झाली. तीनशे दोन तेवढा रिकामा. तावडेबाईंचा.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढी वर्षं छळलेल्या माणसाला अशी संधी पुन्हा येत नाही. बाई जिन्याने खाली येत होत्या, मी ब्रश हातात घेऊन ओरडलो, "काय बाई! यादी बंद होते हां!"

बाई थांबल्या. मला वाटलं होतं, उलट काहीतरी सणसणीत ऐकू येईल. त्यांनी बोर्डाकडे बघितलं, मग बुटांकडे. म्हणाल्या, "तुला आत्ता वेळ आहे का रे? गोवंडीला जायचंय. रिक्षा बोलव."

रिक्षात बाईंना बसावंच लागलं. पण पाय सारखे हलत होते. विक्रोळी आली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "मला माझ्या आईचं नाव माहीत नाही, दिलीप."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"वडील इथे गिरणीत. आई, मी आणि मोठा भाऊ गणू गावाला. यादी लिहायला माणूस आला तेव्हा काका ओटीवर होते, त्यांनी सांगितलं, गणूची आई. मतदानाला ती लग्नातलं लुगडं नेसली. मला बोटाला धरून दोन कोस चालली. तिथे साहेबाने यादीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, तुमचं नाव नाही. मी पाच वर्षांचीसुद्धा नव्हते, पण ते बोट मला आठवतं. परत येताना ती म्हणाली, पुढच्या खेपेस. पुढच्या खेपेपर्यंत ती राहिली नाही."

"वडिलांना विचारलं नाही?"

"विचारायचं सुचलं तेव्हा वडील नव्हते. ते तिला 'अगो' म्हणायचे. आजोळी 'बाय' म्हणायचे. शाळेच्या दाखल्यात बापाचं नाव, रेशनकार्डावर ती आलीच नाही. गणूला शेवटच्या आजारात विचारलं, तर तो म्हणाला, आई ती आई, तिला नाव कशाला? आणि भांड्याचं म्हणशील तर तेही आहे माझ्याकडे. आईचा एक तांब्या आहे. त्याच्यावर कोरलंय, 'चि. गणूचे बारसे'." बाई हसल्या. "आता सरकारने काढलंय ना, मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं. सगळ्यांना चांगलं म्हणून सांगते मी. मला स्वतःला नाही लावता येत."

मधूनच चार-आठ दिवस बाई कुठे गायब होतात, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. तलाठ्याचं ऑफिस, तालुक्याची कचेरी, देवळातल्या वह्या, सगळं त्या पालथं घालून आल्या होत्या. आता त्यांच्या वाडीतली एकच म्हातारी जिवंत होती आणि ती नातवाकडे गोवंडीला आहे, असं त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

सातव्या मजल्यावरच्या छोट्याशा खोलीत, खिडकीपाशी खाटेवर ती म्हातारी होती. नव्वदीच्या पुढची, पण कान शाबूत. बाईंनी ओळख सांगितल्यावर तिने बाईंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"गणूच्या आवशीचां चेडू गे तू? बरां केलंस, इलंस तां!" मालवणीत आवस म्हणजे आई, हे मला सांगावं लागलं नाही. "तिच्या हातचे घावणे अख्ख्या वाडीत कोणाक जमत नसत. आणि तोंडान फटकळ! दिराक घाबरी नाय."

बाई खोलीत फिरायच्या थांबल्या होत्या.

"मताच्या दिवशी माका हाक मारूक इली," म्हातारी म्हणाली. "म्हणता कशी, चल गे, आज सायब आमचां नाव घेऊन हाक मारतलो. कोणीतरी एकदा मारूक व्हयी मां? मी गेलंय तिच्यावांगडा. माजांय नाव नाय, तिचांय नाय. दोघी परत इलों."

"आणि तिचं नाव काय होतं?" बाईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

म्हातारीने डोळे मिटले. खाली कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, नातसून दारात पाण्याचे ग्लास घेऊन तशीच उभी होती.

"नाव... थांब हां... नाव..." तिचे ओठ हलले. मग तिने डोळे उघडले. "गणूची आवसच म्हणू गो आम्ही. बाईमाणसाक नावान कोण हाक मारता?"

बाईंनी तिचे हात हातात घेतले. मग विचारलं, "आणि तुमचं नाव?"

"माजां?" म्हातारी लाजली. "मी बाबल्याची आवस."

"ते नव्हे. तुमचं."

नव्वदीच्या त्या बाईने एकदा दाराकडे बघितलं, आणि मग हळूच म्हणाली, "रुक्मिणी." बाईंनी पिशवीतून लाल-निळी पेन्सिल काढली आणि ते नाव निळ्या बाजूने झेरॉक्सच्या पाठीमागे लिहून घेतलं. नातसून म्हणाली, "अय्या, आजी, हे मला माहीतच नव्हतं!"

परतीच्या वाटेवर बाईंचे पाय हलत नव्हते. घाटकोपर गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी बूथवर नावं पुकारली रे. प्रत्येक बाईचं नाव जरा जास्तच मोठ्याने पुकारायचे. बाकीचे चिडायचे माझ्यावर." घरी येऊन मी स्नेहलला सगळं सांगितलं. सांगून होताच ती उठून आत निघून गेली.

आठ तारखेला संध्याकाळी सगळी बिल्डिंग लॉबीत जमली. संगीत खुर्ची काही रद्द झाली नव्हती, त्यामुळे खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. एका टेबलावर बाईंनी बूथ थाटला होता. मतदान केंद्रासारखीच रांग, शाई म्हणून निळ्या शाईची दौत आणि काडी. बाईंनी घरातल्या त्या पहिल्या बाईचं नाव पुकारायचं, आणि आज त्या घरात असलेल्या बाईने पुढे येऊन आधी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, मग बोटाला शाई लावून घ्यायची.

"एकशे एक! पार्वती गोविंद मेस्त्री!"

स्नेहल पुढे गेली. "मी स्नेहल," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. दिलीपही नाही, मेस्त्रीही नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, थोड्या उशिराने.

गालाभाभी आल्या. त्यांचं नाव हंसा आहे हे मला दहा वर्षांनी कळलं. कांबळ्यांची मुलगी आली, "भागीरथा सखाराम कांबळे" ऐकून तिचे डोळे भरले. साळव्यांना अखेर बंडूच्या आजीचं नाव एका परातीवर मिळालं होतं, यमुना. नाव पुकारताना बाई टेबलाभोवती फिरत होत्या, हात नाचवत होत्या, आवाज असा की बाहेर वॉचमन उठून उभा राहिला.

"तीनशे एक! सुंदराबाई रामजी पाटील!" पाटीलवहिनी शाई लावून गेल्या.

"तीनशे दोन!"

आणि बाई टेबलाशी थांबल्या. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. मग त्या मागे सरकल्या, संगीत खुर्चीच्या गोलातली एक खुर्ची ओढली आणि बसल्या. पंधरा वर्षांत मी त्यांना सोसायटीत पहिल्यांदा खुर्चीवर बसलेलं बघत होतो. बसल्यावर त्या फारच लहान दिसत होत्या. बूट जमिनीला जेमतेम टेकत होते.

मी ब्रश घेऊन बोर्डाशी उभा होतो. "बाई," मी विचारलं, "काय लिहू?"

"गणूची..." त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मान हलवली. "नको. गणूचं नाव खूप झालं. सगळीकडे त्याचंच आहे. तू लिही, द्वारकाची आई."

माझी नजर टर्पेंटाइनच्या डब्याकडे गेली. बाईंनी ते बघितलं.

"माहीत आहे मला नियम. लिही तू. आणि पुसायचं नाही कुणी."

मी लिहिलं. 'द्वारका'चा 'द्वा' थोडा वाकडा आला, तो अजून तसाच आहे. लिहून झाल्यावर स्नेहल टेबलाशी गेली. यादी तिने उचलली आणि, बाई पुकारायच्या तशीच, छाती भरून ओरडली, "तीनशे दोन! द्वारकाची आई!"

बाई पटकन म्हणाल्या, "हजर." आणि डावा हात पुढे केला. स्नेहलने काडी दौतीत बुडवून त्यांच्या तर्जनीवर, नखापासून कातडीपर्यंत, खऱ्या मतदानासारखी रेघ ओढली. मग तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, आणि बाईंनी तो बसून प्यायला. सगळा. एकही थेंब जमिनीवर पडला नाही.

सोसायटीचा मताचा नियम अजून बदललेला नाही. बाईंचा अर्ज यंदाही आला, मात्र ह्या वेळी त्याच्यावर सतरा बायकांच्या सह्या आहेत आणि पहिली सही स्नेहलची आहे, त्यामुळे तो फायलीला लावून विसरायची माझी हिंमत नाही. बाई पुन्हा जिने चढतात-उतरतात, भाजीवाल्याला घाई करतात, फोनवर बोलत भांडुपकडे निघून जातात.

साधी दौतीतली शाई, दोन-तीन दिवसांत धुऊन जायला हवी होती. परवा बाई पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आल्या तेव्हा मी बघितलं, त्यांच्या नखावर ती रेघ अजून ताजी होती. रोज सकाळी त्या नव्याने ओढतात, असं स्नेहल म्हणाली. दौत तिनेच दिली आहे.